प्रतीक्षा यादीचाही रोजनामा ठेवा : विधी महाविद्यालयांच्या प्रवेश समित्यांना खुले पत्र

प्रति,
विधी महाविद्यालये आणि विधी विद्यापीठे यांच्या प्रवेश समित्यांचे सन्माननीय अध्यक्ष व सदस्य,

सविनय नमस्कार.

मी औशाच्या कोर्टाच्या आवारात टायपिंगचं काम करतो. एकवीस वर्षं झाली. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आणि प्रिंटर आहे, टेबल मात्र तेच. प्रतिज्ञापत्रं, वारसाचे अर्ज, नकलेचे अर्ज, भाडेकरार असे दिवसाला तीस-चाळीस कागद माझ्या हाताखालून जातात. माझी लेक शाळा सुटली की याच टेबलाशेजारी स्टुलावर बसून गृहपाठ करायची. सातवीत असताना तिनं मला विचारलं होतं, "बाबा, त्या आजी दर महिन्याला येतात, त्यांचं काम का होत नाही?" मी म्हटलं, "तारीख पडते बाळा." तेव्हापासून वकील व्हायचं हे तिनं मनाशी पक्कं केलं. बारावीनंतर पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा तिनं दिली, ती कुठल्याही क्लासशिवाय. तालुक्याच्या वाचनालयातली पुस्तकं आणि मोबाइल, एवढ्यावर तिचा अभ्यास झाला.

राज्यभरातल्या महाविद्यालयांच्या जागा गुणांनुसार एकत्रित वाटणाऱ्या केंद्रीभूत फेऱ्यांमध्ये तिला जागा मिळाली नाही. थोडक्यात हुकली. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. जास्त गुणांच्या मुलाला आधी जागा मिळावी, हेच बरोबर आहे. तक्रार त्यानंतरच्या दिवसांची आहे.

एका महाविद्यालयानं उरलेल्या जागांसाठी संस्थास्तरावर अर्ज मागवले. त्या महाविद्यालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. इतर पालकांशी बोलल्यावर कळलं की असे अनुभव अनेक ठिकाणी येतात, म्हणून हे पत्र एकाला न लिहिता सगळ्यांना लिहितो आहे. सात जागा होत्या. आम्ही अर्ज भरला, फी भरली. यादी लागली तेव्हा सात नावांच्या खाली "प्रतीक्षा यादी" असं लिहून वीस नावं होती आणि त्यात माझी लेक चौथी होती. चौथा नंबर म्हणजे आमच्या घरात जवळजवळ प्रवेशच झाला होता. तिच्या आजीनं देवापुढे साखर ठेवली.

त्या दिवसापासून लेकीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर, रोज रात्री झोपण्याआधी, त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीनं आपला नंबर लिहायला सुरुवात केली. ४. दुसऱ्या दिवशी ४. तिसऱ्या दिवशीही ४. दिवसातून किती वेळा ती संकेतस्थळ उघडायची ते मी मोजलं नाही, पण जेवताना मोबाइल ताटाशेजारी असायचा आणि रेंज जाते म्हणून ती दारात बसून जेवायची. एकोणीस चौकटींत एकोणीस वेळा ४ लिहिलेलं ते पान मी अजून काढलेलं नाही.

बाराव्या दिवशी मी रात्रीच्या एसटीनं साडेनऊ तासांचा प्रवास करून तिथं गेलो, कारण फोन कुणी उचलत नव्हतं. खिडकीवरच्या ताई वाईट बोलल्या नाहीत. "साइट बघत राहा, यादी हलली की मेल येईल," एवढंच म्हणाल्या. वरच्या तिघांपैकी कुणी प्रवेश घेतला का, सातपैकी कुणी रद्द केला का, हे मी विचारलं, तर त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांच्याकडे कुणी कळवलेलंच नव्हतं.

मेल आला तो महिन्याच्या चौथ्या शनिवारी, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. सोमवारी सकाळी अकरापर्यंत सर्व मूळ कागदपत्रं, टीसी आणि वर्षाच्या पूर्ण फीचा डीडी घेऊन हजर राहा, नाहीतर हक्क संपेल, असं त्यात लिहिलं होतं. १ सप्टेंबर २०१५ पासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. रविवारी तर बँक नाहीच. सोमवारी आमच्या गावची बँक दहाला उघडणार आणि अकराला साडेनऊ तासांवरच्या शहरात डीडी पोहोचला पाहिजे. टीसी इथल्या कॉलेजात अडकलेली, कारण वर्ष वाया जाऊ नये म्हणून तिचं नाव बी.ए.ला घातलं होतं. रविवारी मी हेडक्लार्कच्या घरी गेलो. ते भले गृहस्थ, पण प्राचार्यांची सही सोमवारशिवाय मिळणार नव्हती.

तरीही आम्ही बापलेक रविवारी रात्री निघालो. सोमवारी पहाटे सहाला त्या महाविद्यालयाच्या गेटवर होतो. लेकीनं बसस्टँडवरच्या नळाला तोंड धुऊन केस विंचरले होते. कागदांची फाइल तिनं रात्रभर मांडीवर धरली होती. साडेदहाला खिडकी उघडली. आमच्या खात्यात पैसे होते, मोबाइलवरून त्या क्षणी भरायची तयारी होती. टीसी दोन दिवसांत आणून देतो, तसं हमीपत्र इथंच लिहून देतो, असंही मी म्हटलं. हमीपत्रं लिहिणं हे माझं रोजचंच काम. डीडीशिवाय आणि टीसीशिवाय चालणार नाही, असं उत्तर आलं. अकरा वाजून पाच मिनिटांनी पुढच्या उमेदवाराला कळवलं असल्याचं सांगितलं. हे लेखी द्या, अशी विनंती मी केली. लेखी दिलं नाही. परतीच्या एसटीत लेक खिडकीकडे तोंड करून बसली होती. अर्ध्या वाटेत म्हणाली, "बाबा, मी नापास नाही झाले ना?"

दिवाळीच्या सुमारास तिथं शिकणाऱ्या एका मुलीकडून कळलं की प्रवेश बंद झाले तेव्हाही त्या वर्गात दोन जागा रिकाम्या राहिल्या होत्या.

आता मुद्द्यावर येतो.

प्रतीक्षा यादी अंधारात ठेवली जाते, ही माझी पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार. थांबायला आमची ना नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठीची क्लॅट २०२५ ही परीक्षा १ डिसेंबर २०२४ ला झाली, काही उत्तरांवरून वाद न्यायालयात गेला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यायला ७ मे २०२५ उजाडला. पाच महिने देशभरातली मुलं ताटकळली. त्यांचे हाल झालेच, पण कशासाठी थांबलो आहोत हे त्यांना माहीत होतं, कारण सुनावण्या उघड होत होत्या. माझ्या लेकीचे एकोणीस दिवस तसे नव्हते. कुणी आत आलं की नाही, कुणी सोडून गेलं की नाही, यादी जिवंत आहे की मेली, काहीच कळत नव्हतं.

आमच्या कोर्टात प्रत्येक खटल्याचा रोजनामा असतो. त्या तारखेला कोण हजर होतं, कुणी मुदत मागितली, काय हुकूम झाला, पुढची तारीख कोणती, सगळं त्याच दिवशी लिहिलं जातं. आता तर खटल्याचा सोळा अंकी-अक्षरी ओळख क्रमांक, म्हणजे सीएनआर, टाकला की बोरगावचा शेतकरी बांधावर उभा राहून आपल्या खटल्याची पुढची तारीख मोबाइलवर बघतो. रेल्वेच्या वेटिंगच्या तिकिटाचंही तसंच, पीएनआर टाकला की आपण कितव्या नंबरवर आलो ते दिसतं. कोट्यवधी खटल्यांना आणि तिकिटांना जे जमतं, ते वीस मुलांच्या यादीला का जमू नये?

आणि अंधार असला की त्यात कुणीही हात घालतो. सोळाव्या दिवशी मला एक अनोळखी फोन आला. "तुमच्या मुलीचं वेटिंग चार आहे ना, करून देतो, थोडं डोनेशन लागेल." त्याला माझा नंबर कुठून मिळाला, मला माहीत नाही. कुणावर आरोप करत नाही. मी फोन ठेवला. पण खरं सांगतो, त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसे दिले असते तर पोरीचं भलं झालं असतं का, हा विचार एका सरळ माणसाच्या मनात येतो, एवढंच नुकसान पुरेसं आहे. रोज संध्याकाळी यादी उघड दिसली असती, तर त्या फोनवाल्याकडे विकायला काही उरलंच नसतं.

दुसरी तक्रार मुदतीची. कोर्टाचं समन्स निघालं की बेलिफ ते घेऊन जातो, सही घेतो, बजावणीचा अहवाल देतो. बजावणी नीट झाली नाही तर न्यायाधीश पुढचं पाऊल टाकत नाहीत. तुमच्याकडे शनिवारी संध्याकाळी मेल टाकला की बजावणी झाली. मेल स्पॅममध्ये गेला, मुलीच्या फोनचा रिचार्ज संपला, ती शेतात होती, यातलं काहीच धरलं जात नाही. जिचं घर महाविद्यालयापासून रिक्षाच्या अंतरावर आहे आणि जिचं घर एका रात्रीच्या प्रवासावर आहे, त्या दोघींना घड्याळ एकच. गुणवत्तेच्या यादीत चौथी असलेली मुलगी अंतराच्या यादीत शेवटची ठरते.

डीडीचा आग्रह तर मला आजही समजलेला नाही. शैक्षणिक संस्थांना यूपीआयनं एका वेळी पाच लाखांपर्यंत रक्कम भरायला रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२३ मध्येच मान्यता दिली आहे. फीच्या मुदतीपायी काय होतं, हे साऱ्या देशानं २०२४ मध्ये पाहिलं. उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. साडेसतरा हजार रुपये वेळेत भरता आले नाहीत म्हणून ती गेली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि ३० सप्टेंबर २०२४ ला न्यायालयानं घटनेच्या १४२ व्या अनुच्छेदातला आपला खास अधिकार वापरून त्याला जागा द्यायला लावली. त्याला न्याय मिळाला याचा मला आनंद आहे. पण प्रत्येक बापाला दिल्ली गाठता येत नाही. मला तर औरंगाबादचं खंडपीठ गाठतानाही दोनदा विचार करावा लागतो, आणि मी कोर्टाच्या आवारात पोट भरणारा माणूस आहे.

तिसरी गोष्ट मूळ कागदांची. विद्यापीठ अनुदान आयोगाची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना आहे. मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला वगैरे कागद तपासून लगेच परत द्यावेत, संस्थेनं ते आपल्याकडे ठेवून घेऊ नयेत, असं तिच्यात म्हटलं आहे. तरी एका कॉलेजात कागद अडकतात आणि दुसरं कॉलेज ते आत्ताच्या आत्ता मागतं. मधे मूल अडकतं. ज्याच्याकडे सगळे कागद मोकळे आहेत, म्हणजे ज्यानं दुसरीकडे कुठंच नाव घातलेलं नाही, तोच वेटिंगमधून आत येऊ शकतो. वर्ष वाया जाण्याचा धोका पत्करायला ज्यांच्या घरी बळ आहे, त्यांनाच ही सोय झाली.

चौथी तक्रार पैशाची, आणि ती मी थोडक्यात मांडतो. महाराष्ट्र शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून येणाऱ्या मुलींना आहे, व्यवस्थापन कोट्याला नाही. मग केंद्रीभूत फेऱ्यांतून उरलेली आणि संस्थेच्या प्रतीक्षा यादीतून मिळणारी जागा नेमकी कोणत्या खात्यात धरायची? आम्ही तीन वेळा विचारलं. माझी लेक ओबीसी आहे, आमचं उत्पन्न आठ लाखांच्या जवळपासही नाही. उत्तर मिळालं नाही, पूर्ण फीचा डीडी तेवढा मागितला गेला.

पाचवी तक्रार रिकाम्या जागांची आहे, आणि इथं मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं. वकिलीचं आणि विधी शिक्षणाचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार या अभ्यासक्रमात नव्या विद्यार्थ्याला मधल्या वर्षी थेट प्रवेश देता येत नाही. इंजिनिअरिंगला डिप्लोमावाली मुलं थेट दुसऱ्या वर्षाला येतात, तसं इथं नाही. म्हणजे पहिल्या वर्षी रिकामी राहिलेली जागा पाचही वर्षं तशीच राहू शकते. आणि त्याच वेळी सोळा मुलं यादीत ताटकळत असतात! विद्यापीठ अनुदान आयोगानं २००७ मध्येच सांगून ठेवलं होतं की अभ्यासक्रम सुरू होण्याआधी कुणी प्रवेश सोडला तर ती जागा प्रतीक्षा यादीतल्या उमेदवाराला द्यावी आणि सोडणाऱ्याची फी, एक हजारापेक्षा जास्त नाही इतकी रक्कम कापून, परत करावी. शेवटचा नंबर येईपर्यंत यादी वापरली का, हे तुम्हाला कुणी विचारत नाही. म्हणून मी विचारतो आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करतो. दोष फक्त समित्यांचा नाही. आम्ही पालकही दोन-दोन ठिकाणी जागा धरून ठेवतो आणि शेवटच्या दिवशी एक सोडतो. फी परत मिळेल की नाही याची भीती असते, म्हणून तसं होतं. हे वाचणाऱ्या पालकांना हात जोडून सांगतो, नको असलेली जागा त्याच दिवशी रद्द करा. २०२४-२५ या वर्षासाठी आयोगानं ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केलेल्या प्रवेशाची पूर्ण फी परत द्यायला सांगितलं होतं आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर एक हजार कापायला. हा नियम प्रत्येक संस्थेनं आपल्या दारावर ठळक लावला, तर जागा लवकर सुटतील आणि यादी हलेल.

आमच्याकडे माणसं कमी आहेत, असं उत्तर मला तोंडी मिळालं होतं. मी एकटा माणूस आहे. माझ्या टेबलावर एक लाल वही आहे. कोणता कागद कुणासाठी, कोणत्या तारखेला टाइप केला, किती पैसे घेतले, हे एकवीस वर्षं रोज तिच्यात उतरतं. वीस नावांची नोंद ठेवायला फार माणसं लागत नाहीत.

माझ्या मागण्या अशा आहेत.

प्रतीक्षा यादीचा रोजनामा ठेवा. रोज संध्याकाळी ठरावीक वेळी तो संकेतस्थळावर टाका : आज किती जागा रिकाम्या, कुणाला बोलावलं, कोण आलं, कोण आलं नाही, यादी कुठल्या नंबरवर थांबली. मुलांची नावं नकोत, अर्ज क्रमांक पुरे.

बोलावल्यापासून किमान तीन कामकाजाचे दिवस द्या. मेलबरोबर एसएमएस पाठवा आणि एक फोन करा, व त्याची नोंद ठेवा. प्रवेश बंद व्हायला तीन दिवसही उरले नसतील, तर निदान ऑनलाइन होकार आणि ऑनलाइन फी स्वीकारून जागा धरून ठेवा.

डीडीची सक्ती बंद करा. टीसी नसेल तर हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश द्या आणि ती आणायला पंधरा दिवस द्या.

यादी लावतानाच प्रत्येक जागा कोणत्या प्रवर्गाची, कोणत्या कोट्यातली, तिला शुल्कमाफी लागू आहे की नाही आणि फी किती, हे लिहा.

प्रवेश नाकारला तर कारण लेखी द्या. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानंच बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणं द्यायला सांगितलं आहे. सरकारी महाविद्यालयं आणि विद्यापीठांना ते बंधनकारक आहे, आणि खासगी संस्थांनी ते आपणहून पाळायला कायदा आड येत नाही.

प्रवेश संपल्यावर किती जागा रिकाम्या राहिल्या आणि यादीत मुलं असताना का राहिल्या, हे जाहीर करा.

वेटिंगमधून उशिरा आलेल्या मुलांची उपस्थिती प्रवेशाच्या तारखेपासून मोजली जावी, यासाठी बार कौन्सिलकडे आग्रह धरा. किमान सत्तर टक्के उपस्थितीच्या नियमात पहिल्याच सत्राला ही मुलं अडकतात.

आणि शेवटची मागणी, जी मला सगळ्यांत जवळची आहे. यादी संपली की संपली म्हणून कळवा. ज्यांना जागा मिळाली नाही त्या प्रत्येकाला एक ओळीचा निरोप पाठवा : "अमुक तारखेला प्रवेश बंद झाले, आपला नंबर लागू शकला नाही." नकार पचवता येतो. माझ्या टेबलाशी रोज माणसं हरलेल्या खटल्यांचे निकाल घेऊन येतात, नक्कल काढतात आणि पुढचं बघतात. हातात निकालच नसेल तर माणूस पुढचं काय बघणार? यादीत सतरावा, अठरावा असलेला मुलगा ऑक्टोबरपर्यंत आशेवर राहतो, दुसरीकडे मन लावत नाही, मिळालेलं वसतिगृह सोडून देतो. त्याला वेळेत "नाही" म्हणणं हीसुद्धा दयाच आहे.

माझी लेक सध्या बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. संध्याकाळी पुन्हा टेबलाशेजारी येऊन बसते आणि प्रवेश परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवते. हे पत्र मी टाइप केलं आणि तिनं तपासलं. दोन ठिकाणी माझा शब्द तिला कडक वाटला, तो तिनं बदलायला लावला.

या पत्राच्या प्रती मी माझ्याकडे पत्ते असलेल्या विधी महाविद्यालयांना स्पीड पोस्टानं पाठवत आहे. सगळ्या मागण्यांवर लगेच निर्णय होणार नाही हे मला समजतं. तूर्त एवढीच विनंती, की या पत्राची पोच द्यावी, तारीख आणि आवक क्रमांकासह.

आपला विश्वासू,
एक टंकलेखक पालक
औसा, जि. लातूर